नाव सांगता येत नाही

अमरावती
१८ जून २०२३

ती. अनसूयाताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पाहून तुला वाटेल, मोरूला हे काय सुचलं. इथे व्यसनमुक्ती केंद्रात आल्या दिवशीच मोबाइल जमा करून घेतात, महिनाभर देत नाहीत. कागद मात्र हवे तितके. आणि खरं सांगू का, फोनवर तुझ्याशी इतकी वर्षं इतक्या सफाईनं खोटं बोललो आहे की त्या यंत्राचीच लाज वाटते. लिहिताना हात थोडा तरी अडखळतो.

तुझ्या कानावर आलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. मे महिन्यात सातुर्ण्याला एक लग्न लावत होतो. तिसऱ्या मंगलाष्टकानंतर मला पुढचं आठवेना. तीस वर्षं तोंडात असलेले शब्द. तोंडाला वास, हातात अक्षता, समोर दोनशे माणसं. नवरीच्या मामीनं पुढची मंगलाष्टकं म्हटली आणि लग्न लागलं. कुणी मला रागावलं नाही गं. नवरीच्या वडिलांनी हाताला धरून मांडवाबाहेर नेलं, खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा ग्लास दिला. दुसऱ्या आठवड्यात मी आपल्या पायांनी इथे आलो.

दर गुरुवारी बाहेरची काही माणसं इथे मीटिंग घ्यायला येतात. पूर्वी पिणारी, आता न पिणारी. खुर्च्या गोल मांडतात, एकेक जण आपली गोष्ट सांगतो, बाकीचे नुसते ऐकतात. पहिल्या गुरुवारी मी तोंड फिरवून बसलो. मीटिंग संपल्यावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. नऊ वर्षं थेंब घेतला नाही म्हणाले. उपदेश काहीच केला नाही. खिशातली बडीशेप दिली, दोघांनी खाल्ली, ते गेले.

मैथिलीला एवढंच सांग की तिचा बाप इथे आहे. तिची आई गेल्यापासून सहा वर्षं तू तिला आपल्याकडे ठेवून घेतलंस, त्याबद्दल काय लिहू? तिनं मला लिहावं अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्क मला नाही.

तुझा लोभ आहे तो उणा होऊ देऊ नको. सध्या त्याच्याच आधारावर बसलो आहे.

तुझा धाकटा,
मोरू


अकोला
२ जुलै २०२३

चि. मोरूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे आधी लाल पेन घेऊनच वाचायला बसले. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे. पुढे पेन बाजूला ठेवावं लागलं.

तू गेलास हे चांगलं केलंस. पण त्या मीटिंगचं मला काही रुचलं नाही. चार परक्या माणसांपुढे आपल्या घरातलं काढायचं म्हणजे काय? आपल्या वडिलांना, आजोबांना अख्खी अमरावती ओळखत होती. आता त्यांच्या मोरोपंतानं उभं राहून मी दारुडा आहे असं सांगायचं? आमच्या यांच्या बाबतीत मी कधी कुणापुढे अवाक्षर काढलं नाही आणि संसार झालाच की पार. झाकली मूठ झाकलेली बरी.

आणि कोण हे बडीशेपवाले? आडनाव काय, कुठले, करतात काय? तुला माणसं पटकन भुलवतात, म्हणून विचारते.

मैथिलीनं तुझं पत्र उभ्यानंच वाचलं, होती तशी घडी घातली आणि क्लिनिकला निघून गेली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना तीच म्हणाली की पहिल्या दिवसांत बाबांचे हात फार थरथरतील, तेव्हा तिथे कपाऐवजी मोठा ग्लास देतात का, आणि तो दोन्ही हातांनी धरायला कुणी सांगतं का. फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून विचारलं असेल. तू त्यातून काय घ्यायचं ते घे.

मी कार्तिकात कौंडण्यपूरला जाऊन रुक्मिणीची ओटी भरायचं बोलले आहे. तुझ्यासाठी. फुकट घालवू नकोस.

जेवत जा. प्रकृतीचं खरं खरं लिहीत जा.

तुझी,
ताई


अमरावती
७ जानेवारी २०२४

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

केंद्रातून बाहेर येऊन पाच महिने झाले. अजून लग्न-मुंजी घेत नाही. सत्यनारायण, वास्तुशांत एवढंच करतो. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी राजापेठेतल्या एका शाळेच्या वर्गात मीटिंग असते. पोरांच्या बाकांवर आम्ही पिकल्या केसांची माणसं गुडघे सावरत बसतो. तू विचारशील म्हणून सांगतो, गेल्या जूनपासून एक थेंब नाही.

बडीशेपवाल्यांचं नाव तू तीनदा विचारलंस. ताई, ते सांगता येत नाही. आत ऐकलेलं नाव, आत ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा आमचा नियम. आडनाव आणि जात तर दाराशी चपलांबरोबर काढून ठेवायची. प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस सोबत देतात, त्याला स्पॉन्सर म्हणतात. ते माझे स्पॉन्सर आहेत. एवढं पुरे.

पण त्यांनी काय केलं ते सांगतो. मीटिंगमध्ये म्हणतात, आपल्या जोरावर हे सुटत नाही, आपल्याहून मोठं जे काही तुम्ही मानता त्याच्या हाती स्वतःला सोपवा. मला वाटलं, या परीक्षेत तर मी केव्हाच पास आहे. सगळी सूक्तं पाठ. एकदा ते सहज विचारते झाले की स्वतःसाठी देवाजवळ शेवटचं कधी आणि काय मागितलं. मी आठवत बसलो. यजमानाच्या नावानं, यजमानाच्या गोत्रानं हजारो संकल्प सोडले. माझ्या नावानं एकही आठवेना. तेव्हा ते म्हणाले, वरच्याले काय फक्त संस्कृतच समजते? एखाद्या दिवशी वऱ्हाडीत सांगून पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात काही जमलं नाही. अंगणात नळावर पाणी भरताना आपोआप तोंडातून गेलं, आज मले सांभाळ. बस, एवढंच. बादली भरून वाहायला लागली तरी मी तिथेच उभा. ताई, तीस वर्षांत मी केलेली ही पहिली प्रार्थना असावी.

त्यांची बायको मागच्या आठवड्यात गेली. मी रोज जाऊन बसतो. ते रडत नाहीत, त्याची मला काळजी वाटते.

मैथिलीच्या साखरपुड्याचं वाचून किती बरं वाटलं. स्वानंदरावांचा फोटो पाहिला, डोळ्यांनी सरळ माणूस दिसतो. आणि मैथिलीनं स्वतः म्हटलं की बाबांनी यावं, अकराच्या आत यावं, माझ्या शेजारी बसावं. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते तुला सांगत नाही. अकरा फेब्रुवारीला सकाळी साडेदहालाच मी दारात उभा असेन. नवा झब्बा शिवायला टाकला आहे.

लोभ असावा, आणि थोडा विश्वासही.

तुझा,
मोरू


अकोला
१२ फेब्रुवारी २०२४

मोरू,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही. सवयीनं लिहिला असता तर खोटा झाला असता.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. मैथिली हिरव्या शालूत बसली होती आणि तिच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. बारा वाजता तुझा निरोप आला, उशीर होतोय, थांबू नका. तोच जुना निरोप, मोरू. तिच्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी आला होता, तिच्या पदवीच्या दिवशी आला होता. पुढे फोन बंद. स्वानंदच्या आईनं विचारलं की व्याही यायचे आहेत का, तेव्हा मैथिलीच म्हणाली की त्यांची तब्येत बरी नसते. माझ्याच तोंडचं वाक्य. माझ्याकडून शिकली.

त्या रिकाम्या खुर्चीवर मी जाऊन बसले आणि कार्यक्रम झाला. कोथिंबिरीच्या सांबारवड्या चांगल्या झाल्या होत्या असं सगळे म्हणाले. मी चवही घेतली नाही.

संध्याकाळी पाच वाजता मांडववाले खुर्च्या उचलत होते तेव्हा तू आलास. नव्या झब्ब्यावर डाग, आणि अंगाला तो वास. तो वास मी शंभर वासांत ओळखते. मैथिलीनं दारातूनच पाहिलं आणि आत जाऊन कडी लावली. तू काहीतरी बोलशील म्हणून मी थांबले होते. तू उभा राहिलास, नमस्कार केलास आणि आल्या पावली परत गेलास.

तिनं मला सांगितलं आहे की लग्नाची पत्रिका तुला पाठवायची नाही. मी तिला समजावणार नाही.

अनसूया


अमरावती
१६ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस सा. नमस्कार.

मी प्यायलो नव्हतो.

एका माणसाजवळ होतो. त्याला सोडून येणं शक्य नव्हतं. कोण, कुठे, काय झालं, हे मी सांगू शकत नाही, कारण ती गोष्ट माझी नाही. वास होता हे खरं. डाग होता हेही खरं. दारात उभं राहिल्यावर कळलं की मी जे काही बोलेन ते आजवर बोललो तसंच ऐकू येईल. म्हणून बोललो नाही.

तू विश्वास ठेव असं लिहीत नाही. मैथिलीचं मन किती दुखलं असेल ते मला माहीत आहे. ती करेल ते बरोबर.

मंगळवारच्या मीटिंगला गेलो होतो. शनिवारीही जाईन.

मोरू


अकोला
३ मार्च २०२४

चि. मोरूस अनेक आशीर्वाद. आज मनापासून.

तुझं पत्र तीन दिवस फ्रिजवर पडून होतं. चौथ्या दिवशी मी एक उद्योग केला. अकोल्यात पिणाऱ्यांच्या घरच्यांची एक मीटिंग असते असं तू कधीतरी लिहिलं होतंस. मी तिथे भांडायला गेले. तुमची माणसं आमच्या माणसांना खोटं बोलायला शिकवतात, असं सांगायचं ठरवूनच गेले होते.

आठ बायका आणि एक म्हातारे गृहस्थ होते. माझी पाळी आली तेव्हा मी तोंड उघडलं ते तुझ्याबद्दल बोलायला, आणि बोलले यांच्याबद्दल. मोरू, तुझे मेहुणे काविळीनं गेले असं मी चौदा वर्षं सांगत आले. तुलाही. ते दारूनं गेले. कोर्टातून येताना रोज पिऊन यायचे, आणि अशिलांना, शेजाऱ्यांना, शाळेला मी दरवेळी नवं कारण सांगायची. कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरला नसता. हे सगळं मी त्या नऊ अनोळखी माणसांपुढे सांगितलं आणि कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेजारच्या बाईनं आपला रुमाल दिला. नाव सांगत नाही, तुमचा नियम.

घरी चालत आले. वाटेत विचार करत होते. हे पिऊन आले की त्यांच्याजवळ गोष्ट तयार असायची. सगळी जुळलेली, नाव-गाव-वेळेसकट. तूही तसाच होतास. सायकल पंक्चर झाली, यजमानाची सासू पडली, गाडी बडनेऱ्यालाच थांबली. पिणाऱ्या माणसाच्या गोष्टीत कधी भोक नसतं. आणि या वेळी तू मला नुसतं भोकच पाठवलंस. गोष्टच नाही. एवढ्या मोठ्या दिवसाची एक साधी थाप तुला मारता आली नसती का? आली असती. तू मारली नाहीस.

म्हणून मी ठरवलं आहे की तू प्यायला नव्हतास. कोण होता तो माणूस, ते विचारणार नाही. त्याला बरं वाटत असो.

मैथिलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली की आत्या, तुला विश्वास ठेवायची हौस आहे, मला पुरावा लागतो. तिचं चूक आहे असं म्हणवत नाही. वाट पाहा.

अक्षर सुधारलं आहे तुझं. हात स्थिर आहे हे त्यावरूनही कळतं.

तुझी,
ताई


नांदगाव पेठ
१० मार्च २०२४

मैथिली बेटीले नियाजचा सलाम आणि आशीर्वाद.

तू मले ओळखत नाही. मी इथं कपड्याच्या मिलमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करतो. शाळा मराठीत झाली, पण पत्र लिहाची सवय नाही, म्हणून बोलतो तसंच लिहून राहिलो. तुई आत्या मास्तरीण आहे म्हणते, त्याईले हसू देजो. पत्ता मी तुया वडलाच्या पाकिटावरून उतरवून घेतला. त्याईले हे माईत नाही.

तुये वडील मोरोपंत मायं नाव कोणाले सांगत नाहीत. आमचा नियमच तसा आहे. पण तो नियम मायासाठी आहे, तं तो मोडाचा हक्कबी मायाच आहे.

नऊ साल मी दारूले हात लावला नाही. मोरोपंत केंद्रात आले तवा त्याईचा हात मी धरला. डिसेंबरच्या आखरीले माई घरवाली आयशाबी गेली. चाळीस दिवस मी बराबर होतो. कुराणखानी, पाहुणे, सारं नीट केलं. चाळिसावा झाला, लोक गेले, पोरगी तुबा आपल्या सासरी अकोल्याले गेली. मंग मी फडताळ उघडलं आन् आयशाबीच्या बीपीच्या गोळ्या दिसल्या. अर्ध्या खाल्लेल्या, अर्ध्या उरलेल्या. तिथून जे उठलो ते दुकानातच गेलो. तीन दिवस पेलो. मशिदीत तोंड दाखवाची सोय नाही, बिरादरीत सांगाची सोय नाही, पोरीले तं नाहीच नाही. आमच्यात पेलेला माणूस दोनदा मरते.

अकरा तारखेले सकाळी मी मोरोपंताले फोन केला. ते अकोल्याच्या गाडीत बसले होते. मले माईत नव्हतं का त्या दिवशी तुया साखरपुडा आहे. माईत असतं तं केला नसता. ते गाडीतून उतरले आन् इकडं आले. आमच्यातल्या दोघाईले त्याईनं फोन लावले, एक नागपूरले होता, दुसऱ्याचा लागला नाही. मले एका शब्दानं बोलले नाहीत का आज माया पोरीचा कार्यक्रम आहे. ते, आन् तुया दारातून ते कसे परतले तेबी, मले चार दिवसांनं दवाखान्यात दुसऱ्याच माणसानं सांगतलं.

मी मोरीत पडलो होतो. त्याईनं उचललं तवा त्याईच्या नव्या झब्ब्यावर ओकलो. तोच झब्बा घालून ते अकोल्याले आले. तो वास माया होता, बेटी. त्याईचा नाही.

दवाखान्यात घरचं माणूस मांगत होते. कागदावर नाव लिहा, सही करा, नातं लिहा. त्याईनं मोरेश्वर असं आपलं नाव लिवलं आन् नात्याच्या रकान्यात लिवलं भाऊ. कारकुनानं मायं नाव पायलं, त्याईचं नाव पायलं, मंग त्याईच्या कपाळाचं गंध पायलं. मोरोपंत म्हणे का बराबर लिवलं आहे, घ्या. मी शुद्धीत नव्हतो पुरा, पण एवढं ऐकलं. मी त्याईले वाचवाचं, त्याईनं मले नाही, असं मी समजत होतो. माई घमेंड तिथंच उतरली.

मी त्याईले सांगतलं होतं का तुबाले कळू देऊ नका. म्हणून ते तोंड दाबून बसले. आता तुबाले मीच सांगतलं. तिसऱ्या दिवशी जावयाले घेऊन आली, मले मीटिंगले सोडलं आन् बाहेर रिक्षात बसून राहिली. आज मले अठ्ठावीस दिवस झाले. नऊ साल गेले, ते पुन्हा पहिल्यापासून मोजाचे.

मी त्याईच्यासाठी माफी मांगून राहिलो नाही. मांगचं जे असन ते तुमचं बापलेकीचं, त्यात मी कोण. पण तो एक दिवस त्याईच्या नावावर नको लिहू. तो माया आहे.

तुयं घर सुखात राहो. दुवा करतो.

नियाज


अकोला
१९ मार्च २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. मायना आत्याला विचारून लिहिला आहे, पुढचं तिनं पाहिलेलं नाही.

नियाजकाकांचं पत्र आलं. मी ते क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मध्ये उघडलं आणि पुढच्या पेशंटला अर्धा तास बसवून ठेवलं. मग घरी येऊन आत्याला दिलं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली की एकही शब्द दुरुस्त करण्यासारखा नाही. स्वानंदला सगळं सांगितलं आहे. तुमची तब्येत बरी नसते हे मी त्याच्या आईला सांगितलं होतं, तेही खोटं होतं असं त्यांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांचा भाऊ दारूनंच गेला.

मला तुमच्याशी खोटं लिहायचं नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही नव्हतात. रिझल्टच्या दिवशी मी तुम्हाला शोधत बसस्टँडवर फिरले होते. ते सगळं माझ्यात आहे तसंच आहे, एका पत्रानं ते जायचं नाही, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. आत्या म्हणते की तिच्या मीटिंगला एकदा चल. बघते. पण अकरा फेब्रुवारीचा राग मी परत घेते. तो दिवस मी तुमच्या नावावर लिहिणार नाही. खरं म्हणजे लिहिणार आहे, पण वेगळा.

कडी लावली तेव्हा मी आतून ऐकत होते. तुम्ही एकदा तरी माझं नाव घेऊन हाक माराल असं वाटत होतं. तुम्ही मारली नाही म्हणून जास्त राग आला होता. आता कळतं की हाक मारली असती तर सांगावं लागलं असतं.

लग्न २१ एप्रिलला आहे, इथेच. पत्रिका सोबत ठेवली आहे. दुसरी पत्रिका नियाजकाकांसाठी आहे, त्यावर नाव तुम्ही घाला. त्यांना विचारून. लग्न लावायला अकोल्याचेच गुरुजी सांगितले आहेत. तुम्ही त्या दिवशी मंत्र म्हणायचे नाहीत, यजमान व्हायचं आहे. तुमच्या नावानं आणि तुमच्या गोत्रानं संकल्प दुसरं कुणी सांगेल, तुम्ही फक्त पाणी सोडायचं.

आणि एक. त्या दिवशी सकाळी कुणाचा फोन आला, तर जा. कोणाचा, ते मी विचारणार नाही. पण निघण्याआधी मला एक फोन करा आणि परत येतो म्हणा. पंचांगात मुहूर्त काहीही असो, मी तुम्ही येईपर्यंत थांबेन.

काळजी घ्या. मीटिंग चुकवू नका.

तुमची,
मैथिली